जर्मनीत नर्सची नोकरी : ‘परीक्षा नाही, थेट जॉइनिंग’ हे कितपत खरं? युरोपचे नियम सोप्या भाषेत

‘जर्मनीत नर्सेसची भरती. परीक्षा नाही, थेट जॉइनिंग. युरोपात कुठेही काम करा.’ अशा मजकुराचे मेसेज नर्सिंग शिकणाऱ्या पोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याबरोबर कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, १० हजार तरुण-तरुणींना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात परिचारिकाही आहेत. तेव्हापासून सावंतवाडी-कुडाळपासून दोडामार्गपर्यंत ज्यांच्या घरात नर्सिंग झालेली मुलगी आहे, ते एकच प्रश्न विचारतात : हे मेसेज खरे की खोटे?

पूर्ण खोटा मेसेज ओळखायला सोपा असतो. हा अर्धा खरा आहे, म्हणून फसायला होतं. युरोपात खरोखरच असा नियम आहे की एका देशात शिकलेली नर्स दुसऱ्या देशात परीक्षा न देता काम करू शकते. प्रश्न इतकाच, की हा नियम कोणासाठी? तो समजला की मेसेज पाठवणाऱ्याला काय विचारायचं हेही समजतं.

नियम आला कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या सहा देशांनी १९५७ मध्ये रोम इथे करार केला आणि सामायिक बाजारपेठ उभी करायचं ठरवलं. माल इकडून तिकडे जावा, त्यावर जकात नको. पण करारात नुसता माल नव्हता, माणसं आणि सेवाही होत्या. गाडीचा सुटा भाग सीमेपलीकडे नेणं सोपं, तो मोजता येतो, तपासता येतो. डॉक्टर किंवा नर्स सीमेपलीकडे गेली तर तिचं शिक्षण कसं मोजायचं? इटलीचा डॉक्टर आणि हॉलंडचा डॉक्टर सारखा धरायचा कसा?

त्यांनी काढलेला तोडगा असा : किमान शिक्षण किती हवं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि तेवढं पूर्ण असेल तर एकमेकांची पदवी मान्य करायची. डॉक्टरांसाठी हा नियम १९७५ मध्ये झाला, नर्सेससाठी १९७७ मध्ये. पुढे २००५ मध्ये असे बरेच नियम एकत्र करून एकच मोठा कायदा केला गेला आणि २०१३ मध्ये तो दुरुस्त झाला. आज तो युरोपीय संघाच्या २७ देशांना लागू आहे. आइसलँड, नॉर्वे आणि लिख्टेनस्टाइन हे तीन देश संघात नसूनही तो पाळतात.

या कायद्यात सात व्यवसायांना आपोआप मान्यता मिळते : डॉक्टर, नर्स, दाईचं शिक्षण घेतलेल्या मिडवाइफ, दंतवैद्य, फार्मासिस्ट, जनावरांचे डॉक्टर आणि आर्किटेक्ट. नर्ससाठी अट अशी की प्रशिक्षण किमान तीन वर्षांचं आणि ४,६०० तासांचं हवं. त्यातला निदान एक तृतीयांश भाग वर्गातला आणि निदान निम्मा भाग प्रत्यक्ष रुग्णाजवळचा. डॉक्टरसाठी किमान पाच वर्षं आणि ५,५०० तास. एवढं असेल तर पोर्तुगालच्या नर्सला लक्झेंबर्गमध्ये पुन्हा परीक्षेला बसवता येत नाही. ती कागद सादर करते, तिथली कौन्सिल ते तपासते आणि पूर्ण कागद हातात आल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. ‘परीक्षा नाही’ हे वाक्य आलं ते इथून.

आता नीट लक्ष द्या. हे दार पोर्तुगालच्या, फ्रान्सच्या, हंगेरीच्या नर्ससाठी आहे. त्या गटातल्या देशात शिकलेल्या माणसासाठी आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या नर्ससाठी नाही. इतकंच काय, पोलंड आणि रोमानिया हे देश गटात नंतर आले, तर तिथल्या जुन्या पद्धतीने शिकलेल्या बऱ्याच नर्सेसनाही हे दार सरळ उघडलं नाही. वीस-वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बायका होत्या त्या. त्यांना अमुक इतकी वर्षं सलग काम केल्याचा दाखला द्या किंवा जोड-अभ्यासक्रम करा, असं सांगितलं गेलं. गटाच्या आतल्यांची ही कथा, तर बाहेरच्यांसाठी नियम सैल कशाला असतील?

एका रात्रीची गोष्ट

पदवी मान्य केली की काम झालं, असं युरोपला बरीच वर्षं वाटत होतं. तसं नसतं, हे इंग्लंडमधल्या एका प्रकरणाने उघडं पाडलं.

फेब्रुवारी २००८. इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यातलं एक गाव. ७० वर्षांच्या एका गृहस्थांना मूतखड्याच्या कळा आल्या. शनिवारचा दिवस, नेहमीचा दवाखाना बंद. अशा वेळी सरकारी आरोग्यसेवेतर्फे बदली डॉक्टर घरी येतो. तो डॉक्टर जर्मनीहून आदल्याच दिवशी विमानाने आला होता आणि इंग्लंडमधली ही त्याची पहिलीच पाळी होती. त्याने दुखणं थांबवायला डायमॉर्फिन दिलं. हे हेरॉइनचंच औषधी रूप. द्यायला हवं होतं त्याच्या दसपट दिलं गेलं, १०० मिलिग्रॅम. रुग्ण काही तासांत गेला. जर्मनीत घरगुती भेटीला जाणारे डॉक्टर हे औषध सहसा वापरत नाहीत, त्यामुळे ते त्याच्या हाताखालचं नव्हतं. आपली चूक झाली हे त्याने नंतर मान्य केलं.

चौकशीत जे बाहेर आलं ते औषधाच्या चुकीपेक्षा जास्त अस्वस्थ करणारं आहे. या डॉक्टरने आधी लीड्स शहरातल्या आरोग्य संस्थेकडे अर्ज केला होता. इंग्रजी पुरेसं येत नाही म्हणून तिथे त्याला नकार मिळाला. मग त्याने देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलमध्ये अर्ज केला. तिथे नाव यादीत घेतलं गेलं. आणि एकदा एका यादीत नाव लागलं की देशात कुठेही ड्युटी करता येत होती. म्हणजे वैभववाडीने नाही म्हटलं, वेंगुर्ल्याने हो म्हटलं आणि त्या ‘हो’वर माणूस कणकवलीत पाळीला हजर झाला. नकाराची खबर कोणी कोणाला दिलीच नाही.

इथे आपल्या लोकांशी संबंधित एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच काळात भारतातून एमबीबीएस होऊन जाणाऱ्या डॉक्टरला इंग्लंडमध्ये आधी इंग्रजीची परीक्षा आणि मग ‘प्लॅब’ ही वैद्यकीय परीक्षा द्यावी लागत होती. आजन्म इंग्रजीतून शिकलेल्यालाही. पण जर्मनीच्या डॉक्टरची भाषा नोंदणीच्या वेळी सरसकट तपासायची मुभा इंग्लंडच्या मेडिकल कौन्सिलला नव्हती, कारण तो गटातला. गटाच्या नियमाने दार उघडं ठेवायला सांगितलं होतं, आणि उघड्या दारातून कोण येतंय हे बघायचा अधिकारच काढून घेतल्यासारखा झाला होता.

पुढे काय झालं? जर्मनीतल्या न्यायालयाने २००९ मध्ये त्याला नऊ महिन्यांची, पण स्थगित ठेवलेली शिक्षा आणि ५,००० युरो दंड केला. तिथे शिक्षा झाली म्हटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी इंग्लंडच्या पोलिसांच्या हाती त्याला देता येईना. २०१० मध्ये इंग्लंडच्या मेडिकल कौन्सिलने त्याचं नाव कायमचं काढून टाकलं. जर्मनीत मात्र तो त्यानंतरही प्रॅक्टिस करू शकत होता. एका देशात अयोग्य ठरलेला डॉक्टर शेजारच्या देशात योग्य. पदवीला सीमा नव्हती, पण शिक्षेला होती.

मग नियम बदलले

या आणि अशा प्रकरणांनंतर २०१३ च्या दुरुस्तीत दोन मोठे बदल आले.

पहिला भाषेचा. पदवी मान्य करणं वेगळं आणि कामाला लावणं वेगळं, हे कायद्यात स्पष्ट झालं. रुग्णाच्या जिवाशी संबंध असेल तिथे भाषा तपासता येईल, मात्र पदवी मान्य झाल्यानंतर आणि कामाला पुरेल इतकीच. इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या मेडिकल कौन्सिलला तसे अधिकार दिले.

दुसरा बदल माझ्या मते त्याहून मोठा. जानेवारी २०१६ पासून सूचना देण्याची एक यंत्रणा सुरू झाली. एखाद्या देशात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या काम करण्यावर बंदी आली किंवा मर्यादा आली, तर त्या देशाने तीन दिवसांच्या आत बाकी सगळ्या देशांना संगणकावरून कळवायचं. नाव, व्यवसाय, कोणी बंदी घातली, किती काळासाठी. का घातली ते सांगायचं नाही, कारण त्या माणसाचाही खासगीपणाचा हक्क असतो. त्यालाही कळवायचं, आणि त्याला अपील करता येतं. बंदी उठली की ती सूचनाही काढून टाकायची.

या यंत्रणेत आणखी एक कलम आहे आणि ते आपल्याकडच्यांनी वाचण्यासारखं आहे. खोटं प्रमाणपत्र लावून मान्यतेसाठी अर्ज केल्याचं न्यायालयात सिद्ध झालं, तर तीही सूचना सगळ्या देशांना जाते. म्हणजे अनुभवाचा बनावट दाखला ‘मॅनेज करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागून कोणी जर्मनीत पकडलं गेलं, तर ऑस्ट्रिया, बेल्जियम, आयर्लंड ही दारंही त्याच आठवड्यात बंद. एजंटचं नाव कुठेही जात नाही, मुलीचं जातं.

गंमत म्हणजे ज्या देशातल्या घटनेमुळे ही यंत्रणा आणण्याचा दबाव वाढला, तोच देश आता तिच्या बाहेर आहे. ब्रिटन जानेवारी २०२० मध्ये संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाअखेर संक्रमणाचा काळ संपल्यावर त्याचा या यंत्रणेशी संबंध तुटला. डॉक्टर-नर्सेसची गरज मात्र संपलेली नव्हती. त्यामुळे युरोपातल्या पदव्या मान्य करणं ब्रिटनने स्वतःच्या कायद्याने चालू ठेवलं, आणि बंदीची खबर आपोआप येणं मात्र थांबलं.

दुसऱ्या गटांत काय चाललंय?

आग्नेय आशियातल्या देशांचा गट म्हणजे आसियान. तिथल्या दहा देशांनी डिसेंबर २००६ मध्ये नर्सेससाठी आणि २००९ मध्ये डॉक्टर व दंतवैद्यांसाठी परस्पर मान्यतेचा करार केला. वाचायला छान आहे. नर्सने किमान तीन वर्षं सलग काम केलेलं असावं, तिच्यावर ठपका नसावा, वगैरे. पण शेवटी एक अट आहेच : ज्या देशात जायचं त्या देशाचे नियम पाळायचे. थायलंडची नर्सिंगची परीक्षा थाई भाषेत. फिलिपिन्सच्या तर राज्यघटनेतच लिहिलंय की व्यवसाय करण्याचा हक्क, कायद्याने सूट दिली नसेल तर, फक्त तिथल्या नागरिकांना. मग करार कागदावर आणि फिलिपिन्सच्या नर्सेस शेजारच्या थायलंडऐवजी आखातात, अमेरिकेत, ब्रिटनमध्ये. भारत आसियानमध्ये नाही, पण त्यातल्या सिंगापूरशी आपला २००५ चा आर्थिक सहकार्य करार आहे. त्याखाली नर्सेसची मान्यता ठरायला २०१८ उजाडलं आणि तीही ठरावीक संस्थांत शिकलेल्यांपुरती.

कॅरिबियन बेटांचा मार्ग मला जास्त पटतो. तिथे इंग्रजी बोलणारे छोटे छोटे देश आहेत. त्यांनी १९९३ पासून नर्सेसच्या नोंदणीसाठी एकच सामायिक परीक्षा ठेवली. पदव्यांची तुलना करत बसण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच पेपरला बसायचं. अर्थात भाषा एक असल्यामुळे ते जमलं. २४ अधिकृत भाषा असलेल्या युरोपीय संघात ते कसं करणार?

रुग्णानेच सीमा ओलांडली तर?

नर्स-डॉक्टर जातात तसे रुग्णही जातात आणि इथे प्रश्न येतो पैशाचा. लक्झेंबर्गच्या एका रहिवाशाने शेजारच्या बेल्जियममध्ये चष्मा घेतला. दुसऱ्या एकाला मुलीच्या दातांवर जर्मनीत उपचार करायचे होते. आधी परवानगी नाही, म्हणून त्यांच्या विम्याने पैसे नाकारले. दोन्ही प्रकरणं युरोपच्या न्यायालयात गेली आणि १९९८ मध्ये निकाल लागला की अशी अडवणूक माल आणि सेवांच्या मुक्त व्यापाराच्या विरुद्ध आहे. त्या चष्म्यापासून पुढे २०११ चा रुग्णहक्कांचा कायदा आला. दुसऱ्या देशात उपचार घ्या, आपल्या देशात जेवढा खर्च मिळाला असता तेवढा परत मिळेल. वरचा भार तुमचा. रुग्णालयात भरती व्हायचं असेल किंवा महागडे उपचार असतील, तर मात्र आधी परवानगी मागण्याची मुभा देशांना ठेवली आहे.

आपल्याला हे नवं नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याचा रुग्ण गंभीर झाला की गाडी बांबोळीकडे वळते. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने तिथे राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं होतं आणि मग महात्मा फुले जनआरोग्य योजना तिथे लागू करण्याची बोलणी झाली. देश एक, तरी राज्याची सीमा ओलांडली की बिल कोणाच्या नावावर हा प्रश्न येतोच. नोंदणीचंही तसंच. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव असलेल्या नर्सला गोव्यात नोकरी करायची तर तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते.

आणि मागे राहतात ते?

दारं उघडली की माणसं जिथे पगार जास्त तिकडे जाणार. रोमानिया २००७ मध्ये संघात आला आणि तिथले डॉक्टर फ्रान्स, जर्मनी, ब्रिटनकडे निघाले. पदवी आपोआप मान्य, मग थांबायचं कशाला? खेड्यातले दवाखाने ओस पडू लागले. शेवटी २०१८ मध्ये रोमानियाच्या सरकारला सरकारी डॉक्टरांचे पगार भरमसाट वाढवावे लागले. जर्मनी तिकडून डॉक्टर घेतं, आपल्याकडून नर्सेस घेऊ पाहतंय. आपल्या उपजिल्हा रुग्णालयांतल्या रिकाम्या जागांचा विचार या करारांच्या बातम्यांत कुठे दिसत नाही, हेही नोंदवून ठेवतो. जाणाऱ्या मुलीला त्यासाठी बोल लावायचं कारण नाही. तिच्या घरच्यांनी कर्ज काढून शिकवलंय.

मग आपल्या मुलीसाठी रस्ता कोणता?

सरळ सांगायचं तर तिला दुसऱ्या दाराने जायचं आहे. त्या दारावर तपासणी आहे, पण दार खरं आहे.

नर्सचा परवाना बर्लिनचं केंद्र सरकार देत नाही. ज्या राज्यात नोकरी मिळाली त्या राज्याचं कार्यालय देतं. ते तुमचा अभ्यासक्रम जर्मनीच्या नर्सिंग अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. जर्मनीचा कोर्स तीन वर्षांचा, २,१०० तास शिकवणी आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम. बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम यांची तुलना होऊ शकते. दोन वर्षांचं एएनएम या मापात बसत नाही, तेव्हा एएनएम झालेल्या मुलीला ‘नर्स म्हणून थेट’ सांगणारा माणूस नक्की थापा मारतोय.

तुलनेनंतर एक पत्र येतं. त्यात काय काय कमी आहे ते लिहिलेलं असतं. भारतातल्या मुलींच्या बाबतीत काही ना काही कमी निघतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. ती उणीव भरून काढायचे दोन मार्ग : तिथल्या रुग्णालयात जोड-प्रशिक्षण घ्यायचं किंवा ज्ञानाची परीक्षा द्यायची. परीक्षेत तोंडी भाग असतो आणि प्रत्यक्ष रुग्णाची काळजी घेऊन दाखवायचा भाग असतो. नापास झालं तर ती एकदाच पुन्हा देता येते. २०२४ पासून ‘तुलना करत बसू नका, सरळ परीक्षा घ्या’ असंही सांगता येतं, त्याने वेळ वाचतो. परवाना हातात पडेपर्यंत काम सहायक म्हणून आणि पगारही त्यानुसार कमी. जाहिरातीत दाखवतात तो पगार परवान्यानंतरचा असतो. हा फरक घरी कर्जाचा हप्ता ठरवताना लक्षात घ्या.

भाषा हा खरा डोंगर. परवान्यासाठी सहसा बी-२ पातळीची जर्मन लागते. रुग्ण कुठे दुखतंय ते सांगतो, डॉक्टर फोनवर डोस सांगतो, पाळी बदलताना पुढच्या नर्सला सगळं समजावून द्यायचं, हे सगळं जर्मनमध्ये. केंब्रिजशायरची गोष्ट वाचल्यावर ही अट जाचक वाटू नये. पुणे आणि मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात या पातळ्यांच्या परीक्षा होतात. शून्यापासून बी-२ पर्यंत पोचायला नेटाने केलं तरी वर्षभर लागतं. ‘तीन महिन्यांत बी-२’ची हमी देणाऱ्या क्लासला फी देण्याआधी मागच्या बॅचमधून किती जणी पास झाल्या ते विचारा, आणि त्यातल्या दोघींशी स्वतः बोला.

कामाचं स्वरूपही वेगळं आहे, हे कोणी आधी सांगत नाही. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं हे नातेवाइकांचं किंवा आयाबाईंचं काम. जर्मनीत ते नर्सच करते आणि त्यालाच नर्सिंगचा गाभा मानतात. उलट शिरेत सुई लावणं आपल्याकडे नर्सच्या डाव्या हातचा मळ, तिकडे ते बहुतेक डॉक्टरकडे. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा हा तिथल्या शिक्षणाचा मोठा भाग आहे. बीएस्सी झालेल्या कितीतरी मुलींना पहिल्या महिन्यात वाटतं, आपण हेच करायला आलो का?

कागदांत आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन आणि ‘गुड स्टँडिंग’ सर्टिफिकेट, म्हणजे हिच्यावर कारवाई नाही असा दाखला. युरोपातले देश तीन दिवसांत एकमेकांना जे कळवतात, तेच आपल्या बाबतीत हा एक कागद सांगतो. मग अभ्यासक्रमाचे तास दाखवणारा कॉलेजचा उतारा, अनुभवाचे दाखले आणि या सगळ्याचं मान्यताप्राप्त अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. दहावीच्या सर्टिफिकेटवर, नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर आणि पासपोर्टवर नाव एकच आहे ना, हे आत्ताच बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिथेच फाइल अडकते.

पैशाचं. जर्मनीत परदेशी नर्सेसच्या रास्त भरतीसाठी २०२१ पासून कायद्याचा आधार असलेलं सरकारी मानांकन आहे. ते घेतलेल्या संस्थेने भरतीचा खर्च मालकाकडून घ्यायचा, नर्सकडून नाही. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या ‘नोर्का रूट्स’ या सरकारी संस्थेमार्फत जर्मनीच्या रोजगार विभागाशी करार केला, त्यातही उमेदवाराला पैसे भरावे लागत नाहीत. आपल्याकडे खासगी एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी बघा. नोंदणीकृत एजंटलाही नियमाने कमाल ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. लाखांत आकडा सांगणाऱ्याला पावती मागून बघा.

आणि ‘युरोपात कुठेही काम करा’? त्याचंही उत्तर त्याच युरोपीय कायद्यात आहे. बाहेरच्या देशातली पदवी जर्मनीने मान्य केली, त्यानंतर त्या मुलीने जर्मनीत तीन वर्षं नर्स म्हणून काम केलं आणि जर्मनीने तसा दाखला दिला, तर दुसरा सदस्य देश त्या पदवीकडे युरोपातल्या पदवीसारखं बघू शकतो. तेव्हाही आपोआप मान्यता नाही, तो देश फरक तपासणारच, आणि तुमचा राहण्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे तेही पाहणार. म्हणजे आज दोडामार्गहून भाषेच्या क्लासला नाव घातलेल्या मुलीने वर्षभर जर्मन, मग मान्यता, मग तीन वर्षं नोकरी असा हिशेब धरला, तर ऑस्ट्रियाला अर्ज करायची पाळी पाच-सहा वर्षांनी येईल.